एकच आकाश, तरी फोनला पाच मीटर आणि रोव्हरला दोन सेंटिमीटर: मधलं अंतर जमिनीवरची स्थानकं कशी भरून काढतात?

रेखांश७५

जमीन-मोजणीला रोव्हर (उपग्रहांवरून जागा काढणारं, हातात घेऊन फिरायचं यंत्र) आल्यापासून एक समज पसरलाय, की त्याला काही खास उपग्रह मिळतात. उपग्रह तेच असतात. फोनला जे जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू दिसतात तेच रोव्हरलाही दिसतात. थोडा फरक रोव्हरच्या अँटेनात आहे. उरलेला सगळा फरक कुठल्यातरी गच्चीवर वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या दुसऱ्या अँटेनात आहे. हा धागा त्या बसून राहिलेल्या अँटेनाबद्दल.

हिशेब असा: संदेश निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, मधला काळ गुणिले प्रकाशाचा वेग. एक नॅनोसेकंद चुकला की ३० सेंटिमीटर गेले. चुका कुठून येतात ते सुटं करून पाहू. उपग्रहाची कक्षा आणि घड्याळ मिळून आजकाल मीटरभराच्या आसपास. आयनांबर, म्हणजे हवेच्या खूप वरचा विद्युतभारित कणांचा थर, हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा चोर: सूर्यडाग भरात असले की दुपारी १५ मीटरच्याही वर. खालच्या हवेमुळे डोक्यावरच्या उपग्रहालाही साधारण २.३ मीटरचा उशीर लागतो. यातला कोरड्या हवेचा भाग सूत्रानं काढता येतो, पण पावसाळ्यातल्या बाष्पाचे वरचे ३०-४० सेंटिमीटर सहज हाती लागत नाहीत. शेवटी परावर्तन: पत्र्याचं छप्पर, शेजारी उभा ट्रॅक्टर, शेततळ्याचं पाणी.

पहिल्या तिन्ही चुका जवळजवळ उभ्या असलेल्या दोन अँटेनांना जवळपास सारख्याच लागतात. परावर्तन मात्र ज्याचं त्याला. आता एका अँटेनाची जागा आधीच मिलिमीटरपर्यंत माहीत असेल, तर तिच्यापासून प्रत्येक उपग्रहाचं खरं अंतर किती हवं ते गणितानं निघतं. प्रत्यक्ष मोजलेलं अंतर त्यातून वजा केलं की त्या क्षणाची, त्या उपग्रहाची चूक हातात येते. तीच चूक शेजारच्या रोव्हरला कळवायची.

पण त्याच्याही आधी एक जमीन आहे. उपग्रह कुठे आहे हे उपग्रहाला स्वतःला कळत नाही, ते खालून सांगावं लागतं. जीपीएसचं मुख्य नियंत्रण केंद्र अमेरिकेत कोलोरॅडोतल्या श्रीव्हर तळावर आहे. हवाई, क्वाजालेन, दिएगो गार्सिया, असेन्शन अशा ठिकाणांसह १६ निरीक्षण स्थानकं उपग्रहांना ऐकत असतात, आणि पुढच्या काळाची कक्षा व घड्याळाची दुरुस्ती साधारण दिवसातून एकदा प्रत्येक उपग्रहावर चढवली जाते. भारताच्या स्वतःच्या नाविक उपग्रहांसाठी हेच काम बंगळुरूजवळ ब्यालालू इथलं इस्रोचं केंद्र २०१३पासून करतं.

ही जमीन चुकली तर काय होतं याची तीन उदाहरणं आहेत. एप्रिल २०१४मध्ये ग्लोनासच्या सगळ्या उपग्रहांवर चुकीच्या कक्षा चढल्या आणि जवळपास ११ तास ती यंत्रणा निकामी झाली. जानेवारी २०१६मध्ये जीपीएसवरून जागतिक वेळेतला फरक १३ मायक्रोसेकंदांनी चुकीचा गेला. स्थान बिघडलं नाही, पण वेळेसाठी जीपीएसवर विसंबलेली दूरसंचार उपकरणं गडबडली. जुलै २०१९मध्ये गॅलिलिओची सेवा जवळपास आठवडाभर बंद पडली. तिन्ही वेळा वरचे उपग्रह धडधाकट होते, बिघाड जमिनीवर होता.

रोव्हर, कॉर्स (अशा कायम बसलेल्या अँटेनांची स्थानकं), गगन (विमानांसाठी उपग्रहातून येणारी दुरुस्ती), उंची यांवर जाणकारांनी पुढे लिहावं.

तिपाई

उत्तम सुरुवात. फक्त एक भर: 'चूक कळवली की झालं' एवढ्यावर दोन सेंटिमीटर येत नाहीत. संदेशातल्या कोडवर चालणारं जुनं डीजीपीएस मीटरभरापाशी थांबतं. सेंटिमीटर हवे असतील तर कोड ज्या लहरीवर बसून येतो ती लहर मोजावी लागते.

जीपीएसच्या एल१ लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. तिचा शंभरावा भागही रिसीव्हर मोजू शकतो, म्हणजे दोन मिलिमीटर. अडचण एवढीच, की लहरीचा शेवटचा तुकडा अचूक कळतो, पण मध्ये पूर्ण लहरी किती गेल्या ते कळत नाही. साखळीनं शेत मोजताना शेवटचे आणे (साखळीचे सोळावे भाग) नीट वाचले आणि पूर्ण साखळ्या किती टाकल्या तेच विसरलो, असं ते आहे. ही पूर्ण संख्या प्रत्येक उपग्रहासाठी सोडवायची. सुटली की पडद्यावर 'फिक्स', अजून अपूर्णांकात अडकली असेल तर 'फ्लोट'. फ्लोटमध्ये घेतलेला बिंदू २० सेंटिमीटरनंही चुकलेला असू शकतो, अर्ध्या मीटरनंही. हद्दीच्या खुणेला तो चालत नाही.

संख्या सोडवायला बेसची (जागा माहीत असलेल्या त्या स्थिर अँटेनाची) मापं आणि रोव्हरची मापं एकमेकांतून वजा करतात, मग दोन उपग्रहांची एकमेकांतून. पहिल्या वजाबाकीत उपग्रहाचं घड्याळ उडतं, दुसरीत रिसीव्हरचं. उरतो तो दोन्ही जागांवरच्या हवेतला फरक. म्हणून अंतर महत्त्वाचं. रिसीव्हरच्या माहितीपत्रकात '८ मिमी + १ पीपीएम' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ: बेस १० किमीवर असेल तर ८ + १० = १८ मिमी, ३० किमीवर असेल तर ३८ मिमी. उंचीला साधारण दुप्पट धरा. आणि हे आकडे शांत आकाशाचे आहेत.

कक्षेची चूक मात्र इथे जवळपास नाहीशी होते. उपग्रह २०,२०० किमीवर, बेस २० किमीवर, म्हणजे कक्षा एक मीटरनं चुकली तरी रोव्हरच्या जागेत एक मिलिमीटर येतो.

बांधावरून

धन्यवाद दोघांनाही. महाराष्ट्रात ७७ कॉर्स आहेत असं वाचलं. मग प्रत्येक तालुक्यापासून एक २० किमीच्या आत असणं शक्यच नाही. तरी सेंटिमीटरची हमी कशी देतात? आणि स्वतःचा बेस लावणं बरं की कॉर्सशी जोडणं?

तिपाई

@बांधावरून, बरोबर पकडलंत. राज्याचं क्षेत्र ३ लाख ७ हजार चौरस किमी. भागिले ७७, म्हणजे एका स्थानकाच्या वाट्याला सुमारे ४,००० चौ. किमी, दोन स्थानकांतलं अंतर साठ-पासष्ट किमी. मधोमध उभा राहिलेला रोव्हर जवळच्या स्थानकापासून ३०-३५ किमीवर असतो. एकट्या स्थानकाच्या भरवशावर हे पेलत नाही.

म्हणून स्थानकं एकटी चालवत नाहीत, जाळं म्हणून चालवतात. सगळ्यांची मापं दर सेकंदाला केंद्रावर येतात. स्थानकांच्या जागा माहीत असल्यामुळे त्यांच्यामधल्या हवेचा आणि आयनांबराचा उतार केंद्राला कळतो. रोव्हर आपली ढोबळ जागा केंद्राला पाठवतो, आणि केंद्र त्याच्या पायाशीच एक काल्पनिक बेस उभा करून त्याची मापं रचून पाठवतं. याला व्हीआरएस म्हणतात.

जोडणीचे टप्पे असे:

१. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स संकेतस्थळावर नोंदणी करून नाव आणि पासवर्ड घ्या.

२. रोव्हरच्या कंट्रोलरमध्ये (हातातल्या पडद्यावर) एनट्रिप, म्हणजे इंटरनेटवरून दुरुस्ती घेण्याची पद्धत, निवडा, पत्ता टाका. पोर्ट बहुधा २१०१ असतो, तरी नोंदणीत दिलेलाच वापरा.

३. माउंटपॉइंटची (दुरुस्तीच्या वेगवेगळ्या प्रवाहांच्या नावांची) यादी उतरवून घ्या. जाळ्याचा माउंटपॉइंट आणि एकेरी स्थानकाचा माउंटपॉइंट वेगळे असतात. नाव पाहूनच निवडा.

४. 'जीजीए पाठवा' हे चालू करा. काल्पनिक बेस रचायला केंद्राला रोव्हरची ढोबळ जागा लागते. हे बंद असेल तर नाव-पासवर्ड बरोबर असूनही दुरुस्ती येत नाही. 'लॉगिन होतं पण सिंगलच (दुरुस्तीविनाच) राहतं' अशा तक्रारीत सगळ्यात आधी इथे बघा.

५. पडद्यावर दुरुस्तीचं वय बघा. १-२ सेकंद ठीक. १० सेकंदांच्या वर गेलं की बिंदू नोंदवू नका, मोबाइल नेटवर्क अडखळतंय.

डेटा फार लागत नाही, तासाला दोन-चार एमबी. वेग कमी असला तरी चालतो, पण जोडणी सतत हवी. घाटाच्या खोऱ्यात ती मिळत नाही, आणि तिथे स्वतःचा बेस व रेडिओ हाच उपाय. दोन-चार शेतांच्या कामासाठी बेस नीट लावला तर तो जाळ्यापेक्षा सरसच ठरतो, कारण अंतर एक-दोन किमीच असतं. 'नीट' म्हणजे काय, ते पुढे कोणी लिहिलं नाही तर लिहीन.

संधिप्रकाश

आयनांबराबद्दल थोडं सविस्तर, कारण युरोप-अमेरिकेची माहितीपत्रकं वाचून इथे काम केलं की फसायला होतं.

पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथून वर ढकलले गेलेले विद्युतभारित कण उत्तरेला उतरतात आणि गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात त्यांचा ढीग साचतो. महाराष्ट्र या चढणीवर येतो. घनतेचं एकक टीईसी. एक टीईसी एकक म्हणजे एल१वर १६ सेंटिमीटर उशीर. सौरचक्र भरात असताना दुपारी दोनच्या सुमारास १०० एककं होणं आपल्याकडे नवलाचं नाही, म्हणजे १६ मीटर. जीपीएसच्या संदेशातूनच आठ गुणकांचं एक सूत्र येतं, ते यातला साधारण अर्धाच भाग काढतं. साधा फोन दुपारी जास्त भरकटतो तो यामुळे.

पण दुपारच्या जाडीपेक्षा संध्याकाळचे बुडबुडे वाईट. सूर्य मावळला की खालच्या थरातले कण झपाट्यानं विरतात आणि कमी घनतेचे बुडबुडे वर चढतात. त्यांच्यातून येणारी लहर थरथरते, रिसीव्हरची पकड सुटते, आणि मोजलेल्या पूर्ण लहरींची संख्या पुन्हा पहिल्यापासून सोडवावी लागते. संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत हे सर्वांत जास्त. अशा वेळी दहा किमीवरच्या बेसवर वेगळं आकाश आणि रोव्हरवर वेगळं आकाश असू शकतं, आणि तिपाई यांनी सांगितलेला एक पीपीएम कागदावरच राहतो.

व्यवहारात: महत्त्वाचे नियंत्रण बिंदू सकाळी घ्या. या महिन्यांत दिवस मावळल्यानंतर 'फिक्स' येऊन येऊन जात असेल तर यंत्राला दोष देऊ नका, काम थांबवा. पाच-सहा उपग्रह एकदम गेले आणि मोकळ्या मैदानातही परत येत नसतील, तर कारण बहुधा हेच.

नदीकाठ

मग गगनचं काय? तेही जमिनीवरच्या स्थानकांवरच चालतं ना? रोव्हरऐवजी गगन वापरता येईल का?

रेखांश७५

जमीन दोन्हीकडे आहे, पण काम वेगळं.

गगन भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारलं. १५ संदर्भ स्थानकं, त्यांत आपल्या जवळची नागपूर आणि गोवा. बाकीची जम्मूपासून तिरुवनंतपुरमपर्यंत आणि पोरबंदरपासून दिब्रुगड, पोर्ट ब्लेअरपर्यंत पसरलेली. त्यांची मापं बंगळुरूच्या मुख्य केंद्रावर जातात. तिथे प्रत्येक उपग्रहाची कक्षा आणि घड्याळ यांची दुरुस्ती वेगवेगळी काढतात, शिवाय आयनांबराचा एक जाळीदार नकाशा करतात. ३५० किमी उंचीवर एक पातळ कवच आहे असं मानायचं, त्यावर पाच-पाच अंशांवर बिंदू, आणि प्रत्येक बिंदूवर किती उशीर ते सांगायचं. हे सगळं भूस्थिर उपग्रहांवर चढवलं जातं (जीसॅट-८, जीसॅट-१०) आणि ते जीपीएसच्याच एल१ वारंवारतेवर सेकंदाला २५० बिट या दरानं खाली पाठवतात. म्हणून गगनला मोबाइल नेटवर्क लागत नाही.

२५० बिटांत देशभराची दुरुस्ती बसवायची म्हणजे सेंटिमीटर शक्य नाहीत. गगन मीटर-दोन मीटर देतं. पण त्याची खरी किंमत अचूकतेत नाही, भरवशात आहे. प्रत्येक दुरुस्तीबरोबर 'ही किती चुकू शकते' हा आकडाही येतो. त्यावरून विमानातला रिसीव्हर स्वतःची वाईटातली वाईट चूक सतत मोजत राहतो. उभ्या दिशेत ती ५० मीटरच्या किंवा आडव्या दिशेत ४० मीटरच्या वर जाऊ शकते असं दिसलं, की वैमानिकाला तो मार्ग सोडावा लागतो. ही विमान उतरवण्यासाठीची एपीव्ही-१ पातळी. तिचं प्रमाणपत्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं एप्रिल २०१५मध्ये दिलं, आणि एप्रिल २०२२मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगढला गगनच्या आधारे उतरलं.

संधिप्रकाश यांनी लिहिलेलं इथेही लागू होतं. पाच अंश म्हणजे साडेपाचशे किमी. आपल्या भागात एवढ्या अंतरात उशीर कित्येक मीटरनं बदलतो. भारतासाठी आयनांबराचं वेगळं गणित बसवावं लागलं ते याचमुळे.

थोडक्यात, शेताच्या हद्दीला गगन उपयोगाचं नाही. होडीला, ड्रोनच्या ढोबळ दिशादर्शनाला, जंगलातल्या पाणवठ्यांच्या नोंदीला भरपूर झालं. फोनची चिप गगन वापरेलच असं मात्र गृहीत धरू नका.

मापदंड

कॉर्स वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवावी: निर्देशांक कोणत्या संदर्भचौकटीतले आणि कोणत्या तारखेचे.

भारतीय भूखंड ईशान्येला वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सचे निर्देशांक आयटीआरएफ २००८ या जागतिक चौकटीत, २००५च्या आरंभाच्या स्थितीला गोठवलेले आहेत. यामुळे दहा वर्षांनी मोजलं तरी दगडाचे आकडे तेच राहतात. मोजणीला हेच हवं.

आता तुम्ही तुमच्या बेसची जागा ऑस्ट्रेलियाच्या ऑसपॉस किंवा कॅनडाच्या पीपीपी या ऑनलाइन सेवेकडून काढलीत. दोन्ही मोफत आहेत आणि चांगल्या आहेत. पण त्या उत्तर देतात ते मोजणीच्या दिवसाच्या स्थितीचं. वीस वर्षांचा फरक गुणिले पाच सेंटिमीटर, झाला मीटर. त्या बेसवरून केलेलं अख्खं काम कॉर्सवरून केलेल्या कामापासून एक मीटर ईशान्येला बसतं. आतली मापं सगळी जुळतात, 'फिक्स' पक्का असतो, कुठेही लाल खूण दिसत नाही, आणि शेजारच्या गटाशी मात्र हद्द जुळत नाही. याचं कारण शोधण्यात दिवस जातात.

बेसला 'इथेच' हे बटण दाबून जागा देणं याहून वाईट. ती एकेरी, म्हणजे दुरुस्तीविना काढलेली जागा पाच-दहा मीटरनं चुकलेली असू शकते. बेस दहा मीटर चुकला तर सगळे बिंदू दहा मीटर सरकतात. शिवाय दहा किमीच्या रेषेत पाच मिलिमीटरचा ताणही येतो, पण तो त्यातला किरकोळ भाग.

उपाय सोपा: बेस कॉर्सशी बांधा. बेसवर दोन तासांची, जमल्यास चार तासांची स्थिर मापं घ्या, जवळच्या दोन-तीन कॉर्सच्या त्याच वेळच्या राइनेक्स (कच्च्या मापांच्या) फाइली घ्या, आणि त्यांच्यावरून बेसची जागा काढा. आपोआप तीच चौकट, तीच तारीख.

बांधावरून

मापदंड, हे फार कामाचं. एक प्रश्न: रोव्हरनं मोजलेली बांधाची लांबी आणि फितीनं मोजलेली लांबी यांत १०० मीटरला चार सेंटिमीटर फरक कायम येतो. एकाच दिशेला नाही, सगळ्याच दिशांना. फीत खोटी की रोव्हर?

मापदंड

दोन्ही खरे. कंट्रोलर यूटीएम (पृथ्वी पट्ट्यापट्ट्यांनी सपाट मांडणाऱ्या) नकाशावरचं अंतर दाखवतोय. यूटीएममध्ये मध्य रेखावृत्तावर सगळी अंतरं ०.९९९६नं आखडलेली असतात, म्हणजे १०० मीटरला ४ सेंटिमीटर कमी. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागासाठी ते रेखावृत्त ७५ अंश पूर्व, म्हणजे अहिल्यानगर, जळगाव, सांगली या पट्ट्यात हा फरक पूर्ण दिसतो. पठारावर ६०० मीटर उंचीचा आणखी एक सेंटिमीटर त्यात पडतो. कंट्रोलरमध्ये 'जमिनीवरचं अंतर' निवडलं की फितीशी जुळतं.

क्षेत्रफळात हा फरक ०.०८ टक्के होतो, एकराला सुमारे ३५ चौरस फूट. शहरातल्या प्लॉटच्या भावात ही रक्कम लहान नाही, म्हणून नकाशावर क्षेत्र कोणत्या पद्धतीनं काढलं ते लिहून ठेवा.

आणखी एक: ७८ अंश पूर्वेला यूटीएमचा पट्टा बदलतो. अमरावती ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात, वर्धा-नागपूर-यवतमाळ ४४मध्ये. विदर्भात काम करताना पट्टा बदलायला विसरलं की बिंदू शेकडो किमी दूर पडतात. ते निदान लगेच लक्षात येतं.

आणि हद्दीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. जुनं टिपण (मोजणीची मूळ नोंद) साखळी-आण्यांत आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा सुमारे ६३ सेंटिमीटर. ज्या नोंदीचा घटकच ६३ सेंटिमीटरचा आहे, तिच्यातून दोन सेंटिमीटरची हद्द रोव्हर काढून देऊ शकत नाही. रोव्हर सांगतो ते आज उभ्या असलेल्या दगडाचं स्थान. तो दगड मूळ जागी आहे का, हे टिपण, फाळणी (पोटहिश्श्यांची नोंद) आणि शेजारच्या पक्क्या खुणा एकत्र बसवूनच ठरतं. चार-पाच जुन्या खुणा रोव्हरनं घ्या, त्यांच्यातली अंतरं टिपणाशी ताडून पाहा, आणि एक खूण फटकून वागत असेल तर तिला आधार धरू नका. मोजणी करणाऱ्यानं हे खातेदाराला आधीच सांगितलं तर पुष्कळ भांडणं टळतील.

शून्यउंची

उंचीचं राहिलं. उपग्रह देतात ती उंची एका गणिती लंबगोलापासूनची. पाणी वाहतं ते समुद्रसपाटीशी नातं असलेल्या पृष्ठभागावर. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात हा पृष्ठभाग लंबगोलाच्या शंभराहून जास्त मीटर खाली दबलेला आहे, आणि त्याचा उतार आपल्यापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्रात हा फरक साठ मीटरच्या आसपास. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर रोव्हर उणे साठच्या घरातली उंची दाखवतो. यंत्र बिघडलेलं नसतं.

साठ मीटर सरसकट मिळवून काम भागत नाही, कारण फरक गावागणिक बदलतो. कालवा, पाइपलाइन, चर यांच्या कामाला सर्व्हे ऑफ इंडियाचं भू-आभ प्रतिमान (हा गावागणिक फरक सांगणारं) कंट्रोलरमध्ये चढवा, आणि किमान दोन, शक्यतो तीन बेंचमार्कवर (उंची माहीत असलेल्या खुणांवर) रोव्हर ठेवून फरक तपासा. उताराचं काम १:२०००चं असेल, म्हणजे १०० मीटरला ५ सेंटिमीटर, तर मला विचाराल तर रोव्हरवर विसंबू नये. नियंत्रण बिंदू रोव्हरनं घ्यावेत, उताराची पातळी ऑटो लेव्हलनं.

तिपाई

आता कायमचा बेस 'नीट' लावणं म्हणजे काय ते. बाजार समित्या, कारखाने, फळबागायतदारांचे गट हल्ली स्वतःचा बेस लावायचा विचार करतात, त्यांच्यासाठी.

जागा: १० अंशांच्या वर चहूकडे मोकळं आकाश. पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर, पत्र्याचं छप्पर जवळ नको. इमारत दुमजली-तिमजलीच बरी. उंच इमारत उन्हात एका अंगानं प्रसरण पावते आणि अँटेना दुपारी काही मिलिमीटर झुकते. खांब भिंतीच्या किंवा स्तंभाच्या बरोबर वर घ्या, स्लॅबच्या मधोमध नको. काळ्या मातीतला जमिनीवरचा खांब टाळा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि बेस ऋतूप्रमाणे वरखाली होतो. खडक लागेपर्यंत जाता येत असेल तरच जमिनीवर.

अँटेना: वर 'उत्तर' खूण असते, ती उत्तरेलाच. लहर ज्या बिंदूत मोजली जाते तो बिंदू अँटेनाच्या भौमितिक तळापासून वेगळा असतो आणि मॉडेलप्रमाणे बदलतो. म्हणून बेसच्या सेटिंगमध्ये अँटेनाचं मॉडेल अचूक निवडा. चुकीचं मॉडेल उंचीत पाच-सहा सेंटिमीटरही खाऊ शकतं, आणि ही चूक प्रत्येक बिंदूत सारखीच जात असल्यामुळे सहज सापडत नाही.

केबल: ३० मीटरच्या आत ठेवा, कमी क्षयाची घ्या. जोडांवर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळा आणि केबलला जोडाच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकतं. पहिल्या पावसात बेस 'हळूहळू कमी उपग्रह' दाखवू लागला तर जोडात पाणी शिरलंय. आकाशातल्या विजेपासूनचा वीजरोधक केबल इमारतीत शिरते त्या जागी, आणि त्याची अर्थिंग वेगळी न ठेवता इमारतीच्या अर्थिंगशी जोडलेली.

वीज: बॅटरीवर निदान आठ तास. राउटरही त्याच बॅटरीवर, हे हमखास विसरलं जातं.

जागेचे निर्देशांक मापदंड यांनी सांगितल्याप्रमाणे, पण कायमच्या बेसला २४ तासांची मापं तीन दिवस घ्या. तिन्ही उत्तरं आडवी एक सेंटिमीटरच्या आत आणि उभी दोन सेंटिमीटरच्या आत जुळली, तर सरासरी टाका. जुळली नाहीत तर सरासरी काढू नका, कारण शोधा.

नदीकाठ

पोलची उंची लिहिताना तिरपी की उभी हा गोंधळ होतो. कंट्रोलरला काय द्यायचं?

तिपाई

पोलवर उभी, अँटेनाच्या तळापर्यंत. तिपाईवर बेस असेल तर कडेच्या खुणेपर्यंतची तिरपी, आणि कंट्रोलरमध्येही 'तिरपी' निवडायची. मोजताना तीन बाजूंनी मोजा, तिन्ही आकडे तीन मिलिमीटरच्या आत हवेत. पोलचा बुडबुडा महिन्यातून एकदा तपासा: दोन मीटरचा पोल एक अंशानं कलला तर टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं.

संधिप्रकाश

खोट्या 'फिक्स'बद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पूर्ण लहरींची संख्या चुकीची सुटली तरी यंत्र 'फिक्स' आणि शेजारी एक सेंटिमीटरचा गोंडस आकडा दाखवतं. झाडाखाली, उंच इमारतीच्या कडेला, आणि बेस लांब असताना हे जास्त होतं.

तपासणी: बिंदू घ्या. रोव्हरची पकड मुद्दाम तोडा, कंट्रोलरमधून पुन्हा आरंभ करा. नवा 'फिक्स' आला की तोच बिंदू परत घ्या. त्यानंतर निदान अर्ध्या-पाऊण तासानं तिसऱ्यांदा घ्या, कारण तेवढ्यात उपग्रहांची मांडणी बदललेली असते आणि तीच चूक त्याच आकड्यानं पुन्हा येणं अवघड होतं. तिन्ही नोंदी आडव्या तीन सेंटिमीटरच्या आत असतील तर बिंदू ठेवा. एखादी १५-२० सेंटिमीटर दूर असेल तर तिन्ही टाका, उपग्रहांची किमान उंची १० वरून १५ अंशांवर न्या आणि पुन्हा घ्या. दिवसाची सुरुवात आणि शेवट एकाच माहीत असलेल्या खुणेवर करा, आणि त्या दोन नोंदी कामाच्या फाइलमध्येच ठेवा.

मापदंड

यात घाटातल्यांसाठी भर. नेटवर्क नाही, रेडिओही डोंगराआड पोहोचत नाही, तर 'फिक्स'ची वाटच पाहू नका. रोव्हरला कच्ची मापं सेकंदाला एक या दरानं नोंदवायला लावा, बेसवरही तोच दर ठेवा, आणि प्रत्येक बिंदूवर दोन-तीन मिनिटं स्थिर राहा. घरी येऊन दोन्ही फाइली मिळून संख्या सोडवता येते, तीही वेळेच्या दोन्ही दिशांनी, पुढून मागे आणि मागून पुढे. दोन्ही दिशांची उत्तरं जुळणं ही वरच्या तपासणीसारखीच पारख आहे. फक्त बेस रोव्हरच्या आधी दहा मिनिटं सुरू करा आणि दहा मिनिटं नंतर बंद करा, आणि निघताना बेसच्या कार्डात जागा शिल्लक आहे का ते बघा.